नावांचं वजन पासष्ट ग्रॅम

“उपाध्यक्ष मावत न्हाईत, बाई,” बाळू पेंटर म्हणाला आणि ब्रश कानावर खोचून माझ्याकडे न्याय मागत उभा राहिला.

प्रयोगशाळेच्या ओट्यावर, ब्युरेटच्या स्टँडला उभं बांधलेलं रॉकेट होतं. उंची दोन हात, जाडी मनगटाएवढी. बाळूने लाल ऑइल पेंटने वरून सुरुवात केली होती. आधी संस्थेचं नाव, मग संस्थापकांचं, मग ‘अध्यक्ष मा. आबासाहेब शितोळे’. असा उतरत उतरत तो शेपटीच्या पंखांपाशी येऊन अडकला होता.

“सरचिटणीस, खजिनदार आन् हेडमास्तर अजून बाकी हायत. अक्षर बारीक केलं तर लांबनं दिसत न्हाई.”

“उडाल्यावर तसंही दिसणार नाही,” मी म्हणाले.

“उडायच्या आदी फोटू हाय की.”

बाळूला त्याचा धंदा कळत होता.

आमच्या पिंपळसोंडच्या शाळेत नावाशिवाय वस्तू राहायची नाही. पंख्याच्या तीन पात्यांवर एकाच माणसाचं नाव, आडनाव आणि गाव असायचं. पंखा फिरायला लागला की तो माणूस पुसला जायचा आणि वीज गेली की परत यायचा. बाकावर नाव, घड्याळावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. मुलींच्या मुतारीवर ‘कै. गोदाबाई शितोळे यांच्या स्मरणार्थ’ अशी संगमरवरी पाटी होती आणि तिचं उद्घाटन रीतसर फीत कापून झालं होतं. तेव्हा रॉकेटवर नावं घालायचं ठरलं यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मला फक्त हसू आलं. मला त्या काळात सगळ्याचंच हसू यायचं. सव्वीस वर्षांची होते, पुण्याहून बी.एस्सी., बी.एड. करून आले होते आणि माझ्याइतकं शहाणं तालुक्यात कुणी नाही याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

ही गोष्ट एकोणनव्वद सालची. मिलिंद तारळेकर नावाचा शाळेचा जुना विद्यार्थी बंगळूरला इंजिनीअर होता. दिवाळीत गावी आला तेव्हा एक खोका शाळेला देऊन गेला. आत पुठ्ठ्याच्या नळ्या, हलक्या लाकडाचे पंख, प्लास्टिकचं टोक, पातळ कापडाचं पॅराशूट, काडतुसासारखी तीन इंजिनं आणि चोवीस पानांची इंग्रजी पुस्तिका. आपल्या देशाने उपग्रह नेणारं पहिलं रॉकेट सोडलं होतं, त्याची ती हुबेहूब प्रतिकृती, एकास पंचवीस मापाची. जोडायची, रंगवायची आणि खरोखर उडवायची. वर गेली की आपोआप पॅराशूट उघडतं आणि ती अलगद खाली येते.

मुख्याध्यापक इंगवले सरांनी खोका कपाटात ठेवून कुलूप लावलं. आमच्याकडे चांगल्या वस्तूची जागा तीच.

तो बाहेर काढायला लावला श्रीपती दुधाण्यांनी. दुधाणे प्रयोगशाळेचे शिपाई. मुलं त्यांना मामा म्हणत. बाहेरून दहावी झालेले, इंग्रजीत काठावर सुटलेले, पण हात विलक्षण हलका. फुटलेल्या परीक्षानळीच्या काचेतून त्यांनी ड्रॉपर बनवलेले मी पाहिले होते. प्रयोगशाळा सहायकाची जागा दोन वर्षं रिकामी होती. काम दुधाणेच करत. आम्ही शिक्षक प्रयोगाच्या वेळी त्यांनाच विचारायचो, आणि पगारपत्रकावर ते शिपाईच राहायचे.

जानेवारीत आबासाहेब शाळेत आले, तेव्हा दुधाण्यांनी चहाचा ट्रे ठेवता ठेवताच विषय काढला.

“आबासाहेब, त्ये राकेट मी जोडू का?”

आबासाहेब खुशीत होते. “जोडशील का? उडंल का पण?”

“जोडलं नीट तर उडंल.”

“मग उडवून दाव. विज्ञान दिनाला उडव, सगळ्या गावादेखत. त्याच स्टेजवर तुझी सहायकाची आर्डर तुझ्या हातात देतो. इंगवले, लिहून ठेवा.”

“आन् न्हाई उडालं तर?” दुधाण्यांनी विचारलं.

“न्हाई उडालं तर आर्डर कशाची द्यायची रे?”

सगळे हसले. दुधाणेही हसले आणि ट्रे घेऊन गेले. त्या दिवसापासून शाळेत प्रत्येकाला माहीत होतं की त्या पुठ्ठ्याच्या नळीला काय बांधलेलं आहे.

पुस्तिका इंग्रजी, म्हणून मी. रोज शाळा सुटल्यावर पाच ते साडेसहा आम्ही दोघं प्रयोगशाळेत. मी एकेक सूचना वाचून मराठीत सांगायची आणि दुधाणे ती करायचे. पुढची सूचना मागची पुरी झाल्याशिवाय वाचू द्यायचे नाहीत. मी घाईने दोन वाचल्या तर हात वर करायचे.

“थांबा बाई. इतकं घाईनं सांगितलं तर हात बावचळत्यात.”

पंख घासायला त्यांनी तीन संध्याकाळी घेतल्या. बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून घासायचे, डोळे मिटून अंगठा फिरवायचे, परत घासायचे. पॅराशूटच्या घड्या चिकटू नयेत म्हणून कोरडी पावडर लावा असं पुस्तिकेत होतं, तर त्यांनी शिक्षकांच्या खोलीतून कॅरमची पावडर आणली. खेळणाऱ्या शिक्षकांनी आठ दिवस बोंब मारली. पुस्तिकेत जिथे जिथे ‘डू नॉट’ असेल तिथे ते लाल पेन्सिलीने खूण करायचे.

“डू नॉट म्हंजी करू नगा, न्हवं?”

“हो.”

“मग ह्ये आदी वाचायचं. काय करायचं त्ये माणूस कसंबी करतोच.”

एकोणीस दिवसांत रॉकेट उभं राहिलं. पांढरंशुभ्र, सडपातळ. मी मनातल्या मनात खूप टवाळी करून पाहिली, पण ते सुंदर होतं हे कबूल करायला हवं.

पुस्तिकेच्या शेवटी एक परीक्षा दिली होती. इंजिन बसवून, रॉकेट जिथे तोलतं तिथे दोरा बांधायचा आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचं. टोक पुढे ठेवून फिरलं तर ते सरळ उडणार. शेपूट पुढे येऊ लागली तर ते हवेत कोलांटी मारणार, उडवायचं नाही. दुधाण्यांनी मैदानात ते गोफणीसारखं फिरवलं. रॉकेट टोक पुढे धरून त्यांच्याभोवती शहाण्यासारखं फिरत राहिलं. दहा फेऱ्या झाल्या तरी ते थांबेनात. शेवटी मीच म्हणाले, “पुरे दुधाणे, चक्कर येईल.”

“बाई, ह्ये उडणार बगा,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी तिकडे पाहिलं नाही.

आणि मग नावांची टूम निघाली.

इंगवले सरांचं म्हणणं असं की, गावातले लोक विचारतील हे रॉकेट कुणाचं, तर त्यावर लिहिलेलं असावं. बाळू पेंटर आला. उपाध्यक्ष मावेनात हा पेच मी सरांपुढे नेला. सरांनी पाच मिनिटं विचार केला आणि तालुक्याच्या ट्रॉफीवाल्याकडून चार पितळी पट्ट्या कोरून आणल्या. रॉकेटला पंख चार, उरलेले पदाधिकारी चार. योगायोग इतका नेमका की सरांना तो दैवी वाटला. प्रत्येक पंखावर एक पट्टी, चिकटद्रव्य लावून घट्ट. चौथ्या पंखावर, सगळ्यात खालच्या कडेला, ‘मुख्याध्यापक श्री. वि. रा. इंगवले’. नम्रता म्हणून खाली, असं ते स्वतःच म्हणाले.

ज्याने ते जोडलं त्याचं नाव कुठेही नव्हतं. ते सुचलंच नाही कुणाला. मलाही नाही.

विज्ञान दिनाच्या आदल्या संध्याकाळी दुधाण्यांनी रॉकेट तराजूवर ठेवलं. जोडून झाल्यावर त्यांनी एकदा वजन करून भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. एकशे नव्वद ग्रॅम. आता दोनशे पंचावन्न भरलं.

“नावांचं वजन पासष्ट गिराम,” ते म्हणाले. “आन् त्यातलं निम्म्याच्या वर शेपटाला.”

मी सरांच्या खोलीत गेले. “सर, पट्ट्यांनी वजन वाढलंय. काढाव्या लागतील.”

“बाई,” इंगवले सर चष्मा पुसत म्हणाले, “चार माणसांचा मान म्हणजे वजन होय? आणि आता पट्ट्या काढल्या तर खजिनदार काय म्हणतील?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुमची दोन वर्षं जूनमध्ये पुरी होताहेत. कायम करण्याचा प्रस्ताव मी उद्या कार्यक्रमानंतर आबासाहेबांपुढे ठेवतोय. सगळं निर्विघ्न पार पडू दे, काय?”

मी परत आले आणि दुधाण्यांना सांगितलं की सर नाही म्हणतात.

अठ्ठावीस फेब्रुवारीला मैदानावर मांडव पडला. नऊशे मुलं उन्हात ओळीने बसली. रॉकेट आणि व्यासपीठ एकाच फोटोत यावं म्हणून फोटोग्राफरच्या सांगण्यावरून व्यासपीठ चाळीस फूट पुढे सरकवलं होतं. पुस्तिकेत त्या अंतराला लाल खूण होती, पण फोटोग्राफरला इंग्रजी येत नव्हतं. रॉकेट जिच्यावरून सुटणार ती सळई जमिनीत रोवलेली. तिच्या बुडाशी नारळ फुटला, उदबत्ती लागली. इंगवले सर हार घेऊन रॉकेटकडे निघाले तेव्हा दुधाणे आडवे आले.

“हार नगो सर. टोकाला अडकंल.”

सरांनी हार मग आबासाहेबांना घातला.

भाषणं झाली. आबासाहेबांनी सांगितलं की पुष्पक विमान आपल्याकडेच होतं, मधल्या काळात थोडं दुर्लक्ष झालं. मग ते व्यासपीठावरच्या बटणाच्या डब्यापाशी येऊन उभे राहिले. खिशातून त्यांनी एक घडी केलेला कागद काढून सगळ्यांना दाखवला, दुधाण्यांकडे बघून डोळे मिचकावले आणि कागद परत खिशात ठेवला. ती ऑर्डर होती.

मुलांनी उलटे आकडे मोजायला सुरुवात केली. दहा, नऊ, आठ. चारवर फोटोग्राफर म्हणाला “रेडी”, आणि आबासाहेबांनी चारलाच बटण दाबलं.

रॉकेट सळईवरून सुटलं. पहिले वीस-पंचवीस फूट सरळ गेलं. मग थबकल्यासारखं झालं, शेपूट वर केली, एक कोलांटी मारली, आणि संस्थेच्या सर्व पदाधिकाऱ्यांना घेऊन संस्थेच्या सर्व पदाधिकाऱ्यांकडे निघालं. आडवं, धूर सोडत, माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून. व्यासपीठावर एकाच वेळी सहा माणसं वाकली. आबासाहेब मागच्या खुर्चीवर आदळले आणि तिच्यासह मागे गेले. रॉकेट मागच्या पडद्यात घुसलं, आत फट् असा आवाज झाला आणि पडद्याच्या भोकातून पॅराशूट नीटपणे उघडून बाहेर आलं. कॅरमच्या पावडरीचा पांढरा ढग खजिनदारांच्या टकलावर बसला. उपाध्यक्षांनी धुमसणाऱ्या पडद्यावर पाण्याचा जग फेकला, तो निम्मा इंगवले सरांच्या अंगावर गेला. नऊशे मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रम असाच आहे.

आबासाहेबांचं मनगट मुरगळलं. बाकी कुणाला काही झालं नाही. संध्याकाळी बाळू पेंटरला बोलावणं गेलं. तो टर्पेंटाइनचा डबा घेऊन आला आणि रॉकेटच्या सांगाड्यावरची सगळी नावं पुसून गेला. पट्ट्या इंगवले सरांनी पक्कडीने स्वतः उचकटल्या. सकाळी ज्याच्यावर सात नावं होती, ते रात्र व्हायच्या आत बेवारस झालं.

इथपर्यंतचा किस्सा मी तीस वर्षं सांगत आले आहे. शिक्षकांच्या खोलीत, सहलीच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत. लोक पोट धरून हसतात. नावं पुसण्यापाशी मी थांबते, तिथेच थांबायला बरं असतं. आता दुधाणे नाहीत, चार वर्षांमागे गेले, तेव्हा पुढचं सांगायला हरकत नाही. ते असताना सांगायचं होतं, तर माझं धाडस झालं नाही.

तीन दिवसांनी चौकशी समिती बसली. सरचिटणीस, इंगवले सर आणि विज्ञानातली जाणकार म्हणून मी. मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही तिघं टेबलाच्या अलीकडे आणि दुधाणे पलीकडे उभे. आबासाहेब समितीत नव्हते, पण मुरगळलेला हात गळ्यात अडकवून कोपऱ्यात बसले होते. अहवाल मी लिहायचा होता. माझं अक्षर चांगलं होतं.

“श्रीपती,” सरचिटणीसांनी विचारलं, “त्या पुस्तकात कसलीशी दोऱ्याची परीक्षा आहे म्हणे. पट्ट्या बसवल्यावर ती केली होतीस?”

“केली हुती.”

“कधी?”

“त्याच दिशी, सकाळी सातला.”

“मग काय झालं?”

“शेपूट म्होरं आली.”

आबासाहेब पुढे झुकले.

“म्हंजे तुला ठावं होतं? आन् तू मला त्ये बटण दाबाय दिलंस?”

“कुणाला सांगितलंस का हे?” सरचिटणीसांनी विचारलं.

दुधाण्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादा कागद सरकवायला लागतो तेवढाच वेळ.

“कुणाला न्हाई,” ते म्हणाले.

सांगितलं होतं. मला सांगितलं होतं. त्या सकाळी सातला मी मैदानावर रांगोळी बघायला आले होते, तेव्हा ते दोरा आणि रॉकेट घेऊन पळत आले. माझ्यासमोर त्यांनी ते परत फिरवलं. तिसऱ्या फेरीला रॉकेट वळलं आणि शेपूट पुढे करून, ओढल्यासारखं वेडंवाकडं फिरू लागलं. अकरावीच्या मुलालाही कळलं असतं.

“बाई, ह्ये उडवायचं न्हाई,” दुधाणे म्हणाले. “तुमी सरास्नी सांगा. माझं कोण ऐकत न्हाई.”

मला इंगवले सरांचा तो शब्द आठवला. निर्विघ्न. मांडवात खुर्च्या लागत होत्या. पट्ट्या त्यांनी लावल्या, त्या काढायला सांगणारी मी कोण? आणि उडवलंच नाही तर त्यांची ऑर्डर बुडेल, असं मी स्वतःला दुधाण्यांच्या बाजूनेसुद्धा पटवून दिलं. त्या पाच मिनिटांत मी किती युक्तिवाद केले! विज्ञानाची पदवीधर होते ना.

“पुस्तिकेत लिहिलंय,” मी म्हणाले, “वारा असेल तर थोडं वळतं. चालतं तेवढं.”

पुस्तिकेत तसं काही नव्हतं. वारासुद्धा नव्हता.

दुधाणे थांबले. रॉकेट दोन्ही हातांत धरून त्यांनी खात्री करून घेतली, “इंग्रजीत तसं लिवलंय?”

“हो.”

“मग ठीक हाय,” ते म्हणाले आणि दोरा सोडायला लागले.

एकोणीस दिवस मी वाचलेल्या प्रत्येक ओळीवर त्या माणसाने आपलं काम उभं केलं होतं. विसाव्या वेळी मी खोटं वाचलं आणि त्यांनी तेही तसंच घेतलं.

चौकशीच्या खोलीत मी पेन उघडलं. सरचिटणीस सांगत गेले, मी लिहीत गेले. ‘सदर कर्मचाऱ्यास धोक्याची पूर्ण कल्पना असूनही त्याने ती वरिष्ठांपासून लपवून ठेवली. कर्तव्यात गंभीर कसूर.’ पट्ट्यांचा उल्लेख आलाच नाही. मी एका ठिकाणी थांबले, तेव्हा इंगवले सर प्रेमाने म्हणाले, “कर्तव्यातला ‘र्त’ जोडाक्षर आहे, बाई.” मी लिहून टाकलं. खाली तिघांच्या सह्या झाल्या, आणि शेवटची ओळ मीच लाल शाईने दुधाण्यांच्या सेवापुस्तकातही उतरवली. दुधाण्यांना प्रयोगशाळेतून काढून घंटेवर आणि फाटकावर नेमलं. सहायकाच्या जागेवर पुढच्या महिन्यात खजिनदारांचा भाचा आला. त्याला ब्युरेट आणि पिपेट यातला फरक दिवाळीपर्यंत कळला नाही.

त्या दुपारी मी व्हरांड्यात दुधाण्यांना गाठलं. ते घंटेचा हातोडा पुसत होते.

“दुधाणे, तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत?”

“घिऊन काय झालं असतं?”

“खरं कळलं असतं.”

“कुणाला?” त्यांनी हातोडा खाली ठेवला. “बाई, मी उडवलं त्या रातीलाच पुस्तिकेचा कागद घरी न्हेला. माझ्या पोरीकडनं, अनसूयाकडनं वाचून घेतला. नववीत हाय ती. तिनं दोनदा वाचला. वाऱ्याचं काय बी न्हाई त्यात.”

मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. मी वाट पाहत राहिले. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“मग तरी तुम्ही...”

“तुमचं नाव घेतलं असतं तर आपुन दोगंबी गेलो असतो. मला आर्डर तशी बी कोण देत नव्हतं. अनसूयाला म्होरल्या वर्साला तुमीच शिकवनार. दुसरं कोण हाय हितं इज्ञान येणारं?” मग हातोडा परत उचलत म्हणाले, “तुमी ऱ्हाताय, म्हंजी कवा ना कवा खरं सांगशिला.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि सहाव्या तासाची घंटा दिली.

मी राहिले. जूनमध्ये कायम झाले. अनसूया दहावीला माझ्या वर्गात होती, पहिल्या बाकावर. मी प्रश्न विचारला की उभी राहायची, बरोबर उत्तर द्यायची, बसायची. वर्षभरात तिने मला एकही शंका विचारली नाही. विज्ञानात तिला शाळेत सर्वांत जास्त गुण पडले आणि पेढे द्यायला ती घरी आली, तेव्हा उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मी आत ये म्हणाले. “नको बाई, घाई आहे,” ती म्हणाली. घाई कसली, गाव केवढं ते.

आबासाहेब गेले, इंगवले सर निवृत्त झाले, त्यांच्या नावाचा एक वाचनकक्ष झाला. सेवाज्येष्ठतेने फिरत फिरत मुख्याध्यापकाची खुर्ची माझ्याकडे आली. बावीस वर्षांनी दुधाणे निवृत्तीला आले, तेव्हा त्यांचं सेवापुस्तक माझ्याच टेबलावर आलं. शिपाई म्हणून लागले, शिपाई म्हणूनच सुटणार. मधल्या एका पानावर लाल शाईत, माझ्या चांगल्या अक्षरात, कर्तव्यात गंभीर कसूर.

दुधाणे समोर उभे होते. मी बसा म्हणाले, बसले नाहीत.

“बाई, येवडा शेरा निगाला तर बगा,” ते म्हणाले. “आता त्याचा उपेग काय न्हाई. पर जाताना वही साफ असावी.”

शेरा रद्द करणं अवघड नव्हतं. मुख्याध्यापकाने एक पानाचा प्रस्ताव करायचा, संस्था मान्य करते. नमुना ठरलेला असतो. नाव, पद, शेऱ्याची तारीख, आणि खाली एक रकाना, शेरा रद्द करण्याचे कारण. मी दार लावून घेतलं आणि पेन हातात धरून बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसले. जागा भरपूर होती. चार ओळींत सगळं मावलं असतं. निवृत्तीला मला अजून दहा वर्षं होती, आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी माझं नाव जिल्ह्याला गेलेलं होतं.

मी लिहिलं, ‘केवळ मानवतावादी दृष्टिकोनातून.’

आठ दिवसांत मंजुरी आली. दुधाण्यांना बोलावून मी प्रत हातात दिली. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या, एकेका शब्दावर बोट ठेवून, पुस्तिकेतल्या सूचना ऐकायचे तसे सगळं सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“ही कुणाची मानवता म्हनायची, बाई?”

टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होते. मी शाईचा पॅड ओढला, त्यांच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला आणि इथे सही करा म्हणून बोट दाखवलं.